खाण येण्याआधीचा ठराव

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात उपसा म्हटलं की डोंगर आठवत नाही, गोदावरी आठवते. तीर्थपुरीच्या दक्षिणेला नदीकाठाने जी गावं आहेत, त्यांच्यात वाळूचा हायवा कुणाचा आणि तो कुठल्या रस्त्याने निघतो हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये पुरं झालं तेव्हापासून नदीचं पाणी पैठणला अडतं आणि खाली येतं ते सोडलं तरच. नवी वाळू वाहून येणं कमी झालं, जुनी मात्र उपसली गेली. काठावरच्या विहिरींची पातळी का उतरली, याचं उत्तर कुणाला विचारावं लागत नाही.

आता या गोष्टीला नवं वळण लागलं आहे. नदीतली वाळू वाचवायची म्हणून राज्य सरकारने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण आणलं. दगड फोडून, दळून वाळू करायची. प्रत्येक जिल्ह्यात सुरुवातीला पन्नास उद्योगांना सवलत, स्वामित्वधन ब्रासला सहाशेऐवजी दोनशे रुपये, सरकारी बांधकामांत हीच वाळू वापरायची. नदीसाठी हे चांगलं आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण दगड आभाळातून येत नाही. तो कुठल्या तरी टेकडीतून, कुठल्या तरी गायरानातून, कुणाच्या तरी विहिरीच्या वरच्या अंगातून निघणार. समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून गेला, तेव्हा भरावासाठी मुरूम कुठून कुठून निघाला हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे पाणी साठतं ते मुरमात आणि बेसाल्टच्या भेगांत. तो थर उचलला की विहीर कोरडी पडते आणि मग कितीही बोअर मारले तरी तो थर परत येत नाही.

म्हणजे खाणीला विरोध कसा करायचा हा प्रश्न उद्या मराठवाड्यातल्या गावागावांपुढे येणार आहे. या प्रश्नावर महाराष्ट्रात सर्वांत लांब आणि सर्वांत शिकवणारी लढाई झाली ती आपल्यापासून दूर, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी आणि दोडामार्ग या दोन तालुक्यांत. तिथे गावांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी नुसतं ‘खाण नको’ म्हटलं नाही. खाण येण्याआधी, आपलं गाव कसं राहावं याचा ठराव त्यांनी स्वतः लिहिला.

कोल्हापूरचं राधानगरी, त्याच्या दक्षिणेला तिलारीचं खोरं, पुढे गोव्यातली म्हादई, कर्नाटकातलं भीमगड आणि काळी, अशी सह्याद्रीची एक सलग हिरवी पट्टी आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघ टिकायचा तर त्याला दक्षिणेतून येण्याची वाट हवी, आणि ती वाट सावंतवाडी-दोडामार्गमधून जाते. वन्यजीव अभ्यासक याला भ्रमणमार्ग म्हणतात. तिलारीच्या जंगलात कॅमेऱ्यांनी वाघ टिपले आहेत. या पट्टीतला थोडासा तुकडा, २९.५३ चौरस किलोमीटरचं तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र, २०२० मध्ये जाहीर झाला. बाकी बरंचसं खाजगी जंगल आहे. काजूच्या बागा, सुपारीच्या आणि नारळाच्या राया, देवराया, आणि त्यांच्या मधून वाहणारे ओहोळ. याच दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळांची दलदल आहे, मिरिस्टिका स्वॅम्प म्हणतात तिला. जगात दुर्मीळ झालेली ही जंगलं चिखलात उभी असतात आणि त्यांची मुळं श्वास घ्यायला गुडघ्यासारखी वर येतात. ही जागा आजवर टिकली कारण लोकांनी ती ‘कानळाची राई’ म्हणून देवाच्या नावाने राखली. अडीच हेक्टरांहून थोडी मोठी असलेली ही राई आता जैवविविधता वारसास्थळ आहे.

याच जमिनीखाली लोहखनिज आहे. कोकणात वर जांभा असतो. पावसाचं पाणी तो पिऊन घेतो आणि पायथ्याच्या झऱ्यांतून वर्षभर सोडत राहतो. बागा जगतात त्या या झऱ्यांवर. खनिज काढायचं तर आधी तो जांभाच उचलावा लागतो. गोव्याच्या खाणपट्ट्यात नद्यांचं आणि भातशेतीचं काय झालं, हे सीमेपलीकडच्या नातेवाइकांकडून या गावांनी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. लग्नसंबंध दोन्हीकडचे, बाजारही दोन्हीकडचे. गोव्यात बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला आणि तिथलं सगळं खाणकाम थांबलं. पण त्याच्या चार वर्षं आधीच गोव्याची खाण सिंधुदुर्गात येऊ घातली होती.

कळणे हे दोडामार्ग तालुक्यातलं छोटं गाव. तिथे लोहखनिजाच्या खाणीचा प्रस्ताव आला आणि २००८ मध्ये जनसुनावणी लागली. जनसुनावणी म्हणजे काय, हे ज्यांच्यावर ती वेळ आलेली नाही त्यांना माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ही सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो. किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. सुनावणीचं चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्त तिथल्या तिथे, लोकांना कळेल अशा भाषेत वाचून दाखवावं लागतं आणि नंतर ते पंचायतीच्या कार्यालयात लावावं लागतं. गणपूर्तीची अट मात्र नाही. चार माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरतात. आणि सुनावणी म्हणजे मतदानही नव्हे. हजार माणसांनी नको म्हटलं तरी परवानगी देता येते. फक्त त्यांच्या हरकतींना कंपनीने उत्तर दिल्याचं कागदावर दिसावं लागतं.

कळण्यात मराठी अहवाल वेळेत मिळाला नाही अशी हरकत लोकांनी घेतली आणि सुनावणी पुढे ढकलावी लागली. नंतर झालेल्या सुनावणीत लोकांनी तोंडी आणि लेखी विरोध नोंदवला. तरीही मार्च २००९ मध्ये पर्यावरण परवानगी मिळाली. खाण सुरू झाली.

या निकालाने शेजारची गावं खचली असती तर नवल नव्हतं. इतक्या जणांनी बोलूनही परवानगी मिळत असेल तर बोलायचं कशाला, असं वाटणं साहजिक आहे. मराठवाड्यात आपण कितीतरी वेळा याच ठिकाणी थांबतो. सावंतवाडी-दोडामार्गची गावं थांबली नाहीत. त्यांच्या लक्षात आलं असावं की सुनावणीत बोलणं म्हणजे कंपनीने आखलेल्या चौकटीत बोलणं. प्रस्ताव त्यांचा, अहवाल त्यांचा, प्रश्नही त्यांचेच. आपल्याकडे फक्त हरकत. मग आपलाच प्रस्ताव का असू नये?

संधी २०१० मध्ये आली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट नेमला. गाडगीळांची पद्धत अशी की परिसराबद्दलचा निर्णय दिल्लीत किंवा मुंबईत नकाशावर रेघ मारून करायचा नाही. तिथे राहणाऱ्यांनी सांगायचं, आपलं काय राखायचं आणि किती वापरायचं. सिंधुदुर्गातल्या पंचवीस गावांनी ते मनावर घेतलं. असनिये, झोळंबे, तळकट, फुकेरी अशा गावांच्या ग्रामसभांनी ठराव केले की आमचं गाव परिसरदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करा. वनखात्याचे निर्बंध आपल्याच डोक्यावर येऊन बसतील अशी भीती लोकांना नव्हती असं नाही. खाजगी जंगलात स्वतःचं झाड तोडायलाही परवानगी काढावी लागते, हा कोकणातल्या प्रत्येक शेतकऱ्याचा अनुभव. तरीही त्यांनी ठराव केला. सरकार निर्बंध लादतं आणि लोक विरोध करतात ही आपल्या ओळखीची गोष्ट. इथे लोक निर्बंध मागत होते आणि सरकार द्यायला तयार नव्हतं.

गाडगीळ गटाने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल दिला. पंचवीस गावांचे ठराव त्यात आहेत. कळण्याची हकीकतही आहे. हा अहवाल मंत्रालयाने दडवून ठेवला. केरळमधल्या एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात तो मागितला, केंद्रीय माहिती आयोगाने द्यायला सांगितला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही हरलं. मे २०१२ मध्ये अहवाल लोकांपुढे आला. ज्या लोकांनी ठराव करून माहिती पुरवली, त्यांनाच नऊ महिने अहवाल वाचायला मिळाला नाही. मला ही गोष्ट आजही चीड आणते.

पुढे कस्तुरीरंगन कार्यगट आला. एप्रिल २०१३ मधल्या त्याच्या अहवालाने पश्चिम घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला आणि त्यात खाणकाम, दगडखाणी, वाळूउपसा या सगळ्यांवर बंदी सुचवली. बंदी कडक होती, पण गावांची यादी उपग्रहाच्या चित्रांवरून केली होती. नैसर्गिक जंगल कुठलं आणि माणसांनी लावलेल्या बागांचा प्रदेश कुठला, हे वरून पाहून ठरलं. काजू आणि सुपारीत दडलेली देवराई वरून दिसत नाही. दोडामार्ग तालुका यादीतून गळला. ज्या गावांनी स्वतःहून मागणी केली होती, त्यांतली दोडामार्गची गावं बाहेर. ज्यांना कुणी विचारलं नव्हतं अशी अनेक आत. साताऱ्यापासून केरळपर्यंत कस्तुरीरंगन अहवालाला जो विरोध झाला, त्याच्या मुळाशी काही ठिकाणी हितसंबंध होते हे खरं, पण न विचारता केलेली यादी हेही कारण होतंच.

मग वाट उरली न्यायालयाची. आवाज फाउंडेशन आणि वनशक्ती या संस्थांनी मुंबई उच्च न्यायालयात या भ्रमणमार्गासाठी दाद मागितली. २०१३ मध्ये न्यायालयाने वृक्षतोडीला मनाई केली. जंगल खाजगी, त्यामुळे एकेक पट्टा साफ करून रबर किंवा अननस लावायचा आणि मग इथे जंगल नाहीच म्हणायचं, असा प्रकार चालू होता; मनाईमुळे त्याला काहीसा आळा बसला, पूर्ण नाही. तोड चालूच राहिल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं न्यायालयापुढे येत राहिल्या.

आणि कळणे? जुलै २०२१ मध्ये धुवांधार पावसात खाणीच्या खड्ड्याचा बांध फुटला. खड्ड्यात साठलेलं पाणी आणि लाल चिखल गावात शिरला, घरांत आणि बागांत. सुपारीच्या बागेत चिखल थरावर थर बसला की झाडं उभी दिसतात, पण मुळं गुदमरतात. तेरा वर्षांपूर्वीच्या जनसुनावणीत याच पाण्याची आणि याच बागांची काळजी लोकांनी बोलून दाखवली होती. इतिवृत्तात ती होती. परवानगीच्या अटीही होत्या. अटी पाळल्या जातात की नाही हे रोज पाहणारं मात्र कुणी नव्हतं.

मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल २२ मार्च २०२४ रोजी लागला. सावंतवाडी-दोडामार्ग भ्रमणमार्ग, त्यात ती पंचवीस गावं, परिसरदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याची प्रक्रिया ठरावीक मुदतीत करा असा आदेश केंद्राला झाला. त्याच वर्षी ३० जुलैला वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसं गेली आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राने पश्चिम घाटाच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा काढला, ५६,८२५ चौरस किलोमीटरचा. त्यात महाराष्ट्राचे १७,३४०. पहिला मसुदा २०१४ चा होता.

ग्रामसभेच्या ठरावापासून न्यायालयाच्या निकालापर्यंत तेरा-चौदा वर्षं गेली. यात गावांनी काय कमावलं, असं कुणी विचारेल. माझं उत्तर असं: ते ठराव नसते तर गाडगीळ अहवालात ही गावं आली नसती. अहवालात आली नसती तर याचिकेला पाया मिळाला नसता. उच्च न्यायालयाच्या निकालात पंचवीस गावांचा आकडा आहे तो कुण्या तज्ज्ञाने ठरवलेला नाही, गावच्या चावडीवर ठरलेला आहे. कळणेकरांचं नुकसान भरून निघालं नाही, हे मी लपवत नाही. पण एका कळण्याच्या शेजारी दहा कळणी उभी राहिली नाहीत.

कायद्यातली एक पोकळी इथे सांगायला हवी, कारण ती मराठवाड्यालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२३ रोजी स्पष्ट केलं की राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांच्या आत, आणि हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत, खाणकाम चालणार नाही. त्यापुढे? भ्रमणमार्ग अभयारण्य नव्हे, त्यामुळे या नियमात येत नाही. संरक्षित क्षेत्राला हद्द असते. वाघाला, पाण्याला, धुळीला आणि स्फोटाच्या हादऱ्याला ती नसते. 

ताडोब्याचा अनुभव याच्याशी ताडून पाहावा. चंद्रपूरजवळ लोहारा इथे कोळसा खाणीचा प्रस्ताव होता, गोंदियातल्या तिरोड्याच्या वीजप्रकल्पासाठी. जुलै २००९ मध्ये ‘इको-प्रो’ या संस्थेचे बंडू धोतरे चौदा दिवस उपोषणाला बसले आणि चंद्रपूर शहर त्यांच्यामागे उभं राहिलं. ही जागा व्याघ्र प्रकल्पाच्या नियोजित बफर क्षेत्रात येते या कारणाने जानेवारी २०१० मध्ये मंत्रालयाने प्रक्रियाच मागे घेतली आणि त्याच वर्षी बफर जाहीर झालं. उपोषणापासून सहा महिन्यांत निकाल. ताडोब्याचं नाव देशभर होतं, १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान होतं, आणि आखून झालेली नसली तरी आखायला घेतलेली एक रेघ होती. दोडामार्गला यातलं काहीच नव्हतं. होते ते ठराव. तरीही चंद्रपूरकर निश्चिंत बसू शकले नाहीत. दहा वर्षांनी, २०२० मध्ये, ताडोब्याजवळच्या ‘बंदर’ कोळसा खाणीचं नाव लिलावाच्या यादीत आलं आणि पुन्हा ओरड झाल्यावर ते वगळावं लागलं. वाचवलेली जागा पुन्हा पुन्हा वाचवावी लागते.

आता घराकडे. तीर्थपुरीच्या वरच्या अंगाला, गोदावरीवरच, जायकवाडीचं पक्षी अभयारण्य आहे, १९८६ पासून. त्याची हद्द आणि त्याचे नियम तिथपर्यंत. घनसावंगी तालुक्यातली टेकडी, ओढा, गायरान, मोसंबीच्या बागांना पाणी देणारा पाझर तलाव यांना तसलं कुठलंच कवच नाही. आणि आपल्याकडे येणार त्या मोठ्या लोहखनिजाच्या खाणी नव्हेत. येतील त्या दोन हेक्टर, चार हेक्टरच्या दगडखाणी. पाच हेक्टरपर्यंतच्या सुट्या खाणपट्ट्याला जनसुनावणी लागत नाही. कळणेकरांना हरकत घ्यायला निदान एक मांडव मिळाला. आपल्याला तोही मिळणार नाही. अर्ज जिल्ह्याच्या खनिकर्म शाखेत जाईल, तलाठ्याचा पंचनामा होईल, राज्याच्या प्राधिकरणाकडून पर्यावरण परवानगी येईल, आणि गावाला कळेल ते पहिला सुरुंग उडाल्यावर. राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायचं तर तीस दिवसांची मुदत, फार तर आणखी साठ दिवस, खंडपीठ पुण्यात. मात्र असे छोटे पट्टे एकमेकांना लागून असतील आणि मिळून पाच हेक्टरांवर जात असतील, तर त्यांना एकत्र समूह धरून मूल्यांकन आणि सुनावणी मागता येते. ही मागणी वेळेत कुणीतरी करावी लागते.

त्यात तीर्थपुरीची अडचण अशी की तिथे आता नगरपंचायत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये निवडणूकही झाली. नगरपंचायत झाली की ग्रामसभा संपते. असनियेने जो ठराव हात वर करून केला, तो तीर्थपुरीकरांना तसा करता येणार नाही. नगरसेवकांना सभागृहात करायला लावावा लागेल. आजूबाजूच्या खेड्यांना ग्रामसभा आहे, पण ती किती भरते हे आपल्याला माहीत आहे. कोरमअभावी तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून पाच-दहा सह्यांवर मंजूर.

एक साधन मात्र दोघांकडेही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत, ग्रामपंचायत असो की नगरपंचायत, जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायलाच हवी. हरित लवादाने २०२० पर्यंतची मुदत घातल्यावर राज्यभर या वह्या घाईघाईने लिहिल्या गेल्या. कित्येक ठिकाणी शेजारच्या गावाची वही नाव बदलून दाखल झाली. तरीही कागद आहे, आणि तो दुरुस्त करण्याचा हक्क गावाचा आहे. आपल्या वहीत कुठल्या टेकडीवर मोर अंडी घालतात, कुठल्या ओढ्याला मार्चपर्यंत पाणी असतं, कुठल्या विहिरी त्या टेकडीच्या उताराला आहेत आणि त्यांची पातळी दर महिन्याला किती, हे गावच्या माणसांनी, गावच्या शिक्षकांनी, पाणी बघणाऱ्या शेतकऱ्यांनी लिहावं. पंचनाम्यात तलाठी ‘पडीक, बिनवापर’ असं लिहितो तेव्हा त्याच्यासमोर ठेवायला हीच वही लागते. खाणीचा अर्ज आल्यानंतर लिहिलेल्या नोंदीला न्यायालयात फारसं वजन नसतं. वर्षभर आधीची असेल तर तिची दखल घ्यावी लागते.

दिवाळीनंतर रब्बीची पेरणी उरकली की विहिरींचं पाणी मोजायला बरे दिवस येतात. दोर, दगड आणि मोजपट्टी एवढंच सामान लागतं. नगरपंचायतीच्या सभागृहात ही वही मागायला तीर्थपुरीतला कुणीही नागरिक जाऊ शकतो, आणि ती नसेल तर का नाही असं लेखी विचारू शकतो. अर्जाची पोच घ्यावी, तारखेसह.